एकांत आणि एकटेपण



विषय नेहमीपेक्षा जरा वेगळा आहे. एरवी आम्ही एखादा अभंग घेतो आणि त्याची फोड करतो. या खेपेस अभंग घेतलेला नाही. माणसाची एक अवस्था घेतली आहे. ती अवस्था म्हणजे एकटेपण. आणि तेही कोणाचे? ज्याला ते स्वतःच्या बळावर दूर सारता येत नाही, त्याचे. थकलेले आईबाप, नवरा गेलेली बाई, अंथरुणाला खिळलेला रोगी, डोळ्यांनी किंवा कानांनी अधू झालेला माणूस, आणि या सर्वांचे करता करता स्वतःच चार भिंतींत कोंडली गेलेली एखादी सून. असे एक तरी माणूस नाही असा गाव आम्ही पाहिला नाही.

प्रथम शब्दांचा निवाडा करू, कारण इथेच मोठा घोटाळा होतो. एकांत निराळा आणि एकटेपण निराळे. साधक एकांतात बसतो तो आपण होऊन. मनात आले की उठतो, चार माणसांत येतो. एकांताची कडी आतून असते. एकटेपणाची कडी बाहेरून लागलेली असते, आणि ती कोणी लावली हे आत बसलेल्याला पुष्कळदा ठाऊकही नसते. भंडाऱ्याच्या डोंगरावर तुकोबाराय बसत, तो एकांत. लेकाच्या फोनची वाट पाहत ओसरीवर बसलेला म्हातारा, त्याला एकांतात बसला आहे असे कोण म्हणेल?

बृहदारण्यक उपनिषदात सृष्टीच्या आरंभीची एक कथा आहे. पाठशाळेत शिकताना आम्ही ती नुसती घोकली. अर्थ उलगडत गेला तो वय वाढू लागल्यावर. आरंभी तो आदिपुरुष एकटाच होता. त्याने चहूकडे पाहिले, आपल्यावाचून दुसरे कोणीच दिसेना. तेव्हा त्याला भय वाटले. मग त्याने विचार केला की माझ्याखेरीज दुसरे काही नाहीच, तर मी भ्यावे कोणाला? आणि त्याचे भय गेले. इथवर वेदान्ताला सोयीचे झाले. पण श्रुती तिथे थांबत नाही. ती सांगते की भय गेले तरी त्याला रमेना, करमेना. म्हणून त्याने दुसऱ्याची इच्छा केली आणि आपल्यातूनच दुसरे माणूस निर्माण केले. आचार्यांनी भाष्यात या न करमण्याला ‘अरति’ म्हटले आहे.

आता क्रम नीट ध्यानात घ्या. भय गेले ते विचाराने. अरति विचाराने गेली नाही. तिला दुसरे माणूसच लागले. एकट्या पडलेल्या माणसाला आपण ज्ञान सांगायला जातो, ‘आजोबा, जग मिथ्या आहे, कशाला मनाला लावून घेता’ असे म्हणतो, तेव्हा आपण भयाचे औषध अरतीवर देतो. औषध खोटे नाही. रोग दुसरा आहे.

यावर शास्त्र जाणणारा एखादा श्रोता शंका काढील, “महाराज, गीतेच्या तेराव्या अध्यायात भगवंतांनी ज्ञानाची लक्षणे सांगितली, त्यांत निर्जन स्थळी राहणे आहे आणि लोकांच्या गर्दीविषयी अरति हेही आहे. मग एकटेपण हे तर ज्ञान्याचे भूषण झाले!” शंका चांगली आहे. शब्दही तोच आहे. परंतु आचार्यांनीच तिथे स्पष्ट केले आहे की हा वीट संस्कारहीन, उद्धट लोकांच्या घोळक्याचा. संस्कारी आणि विनयी माणसांच्या सहवासाचा नव्हे, कारण तो सहवास ज्ञानाला उपकारक आहे. तेव्हा गीतेचा आधार घेऊन म्हातारीला कोपऱ्यातल्या खोलीत ठेवता यायचे नाही.

असो. आता व्यवहाराकडे वळू.

कीर्तनाच्या निमित्ताने आम्ही गावोगाव उतरतो, त्यामुळे घरे आतून पाहायला मिळतात. वाडा मोठा, खोल्या दहा, राहणारी माणसे दोन. एक मुलगा पुण्याला, एक परदेशात. मुले वाईट आहेत असे मुळीच नाही, बरे का. रविवारी फोन येतो. “जेवलात का? गोळी घेतली का? गुडघा कसा आहे?” सगळे प्रश्न शरीराचे. “बाबा, यंदा बांधावर काय लावू? अमक्याच्या सोयरिकीचे तुम्हांला काय वाटते?” असा प्रश्न येत नाही. ज्या माणसाने चाळीस वर्षे घराचा गाडा ओढला, त्याच्याजवळ विचारण्यासारखे आता त्याच्या गुडघ्याखेरीज काही उरले नाही! फोन ठेवल्यावर तो थोडा वेळ तसाच बसतो. म्हातारी विचारते, “काय म्हणाला?” तो म्हणतो, “काही नाही. बरे आहे म्हणाला.”

नवरा गेलेल्या बाईचे पाहा. तेरा दिवस घर माणसांनी भरलेले असते. स्वयंपाक कोण करते, पाणी कोण भरते, तिला कळतही नाही. चौदाव्या दिवशी मांडव सुटतो, पाहुणे गाडीला लागतात. खरे दुःख त्या दिवशी दारात येते, आणि त्याला तोंड द्यायला ती एकटी असते. शोक करायला शंभर माणसे येतात. दोन महिन्यांनी नुसते बसायला एकही येत नाही.

अंथरुणावरच्या रोग्याला भेटायला लोक येतात, पण बोलतात त्याच्या बायकोशी. “आता कसे आहे यांचे?” अहो, तो समोर पडलेला आहे, कानांनी ऐकतो आहे, त्यालाच विचारा ना! अर्धांगाने वाचा जड झाली असेल, उत्तराला वेळ लागेल, एवढेच. ऐकू कमी येणाऱ्याचे याहून कठीण. आंधळ्याला लोक हात देतात, बहिऱ्याला हसतात. मग तो हळूहळू पंगतीत, पारावर, देवळात येणे सोडतो, आणि लोक म्हणतात की याचा स्वभाव तिरसट झाला. दसरा झाला की बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या कोयते घेऊन निघतात, आणि सहा-सहा महिने गावात म्हातारी माणसे व शाळकरी पोरे एवढीच राहतात, हेही आपल्याला माहीत आहे. शहरातल्या खोल्यांत परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या तरुण मुलांचे एकटेपण तर हल्ली नव्यानेच डोळ्यांवर येऊ लागले आहे. त्याविषयी पुढे कधी लिहू.

हे दुःख आता जगाच्या दप्तरी लागले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ सालच्या जून महिन्यात प्रसिद्ध केलेल्या अहवालात, जगात दर सहा माणसांत एकाला एकटेपणाची पीडा आहे असे म्हटले आहे, आणि त्यापायी वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यू होतात असा अंदाज दिला आहे. हृदयविकार, पक्षाघात, स्मृती जाणे यांना एकटेपणाने वाट मोकळी होते असे वैद्यकशास्त्र सांगते. विलायतेत २०१८ साली आणि जपानात २०२१ साली या कामासाठी मंत्री नेमण्यात आले. मंत्री नेमल्याने म्हातारीच्या ओसरीवर कोणी येऊन बसेल असे आम्हांला वाटत नाही. पण हे दुःख खरे आहे, मनाचे चोचले नव्हेत, एवढे त्यावरून सिद्ध झाले.

आता आपल्या घरातला पूर्वपक्ष घेऊ, कारण तो जास्त अवघड आहे. वारकरी म्हणतो, “ज्याच्या मुखी नाम आहे तो एकटा कसा? पांडुरंग त्याच्याजवळ आहे. त्याला नाम घ्यायला सांगा, झाले!” नामाचा महिमा आम्ही कमी करणार नाही, आमचे सारे आयुष्य त्याच आधारावर गेले. पण ज्या पांडुरंगाचा दाखला तुम्ही देता, तो स्वतः काय करीत आला ते पाहा.

जनाबाई मूळ गंगाखेडची. पोरक्या वयात पंढरीला दामाशेटींच्या घरी राहिली आणि तिथेच दासी म्हणून वाढली. घर नामदेवांचे, माणसांनी भरलेले. पण जनीच्या वाट्याला दळणकांडण, शेणगोठा, पाणी. भरल्या घरातले एकटेपण म्हणजे काय ते तिने भोगले. ज्यांना हे कळत नाही त्यांनी आपल्या घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईशी आपण दिवसाकाठी किती शब्द बोलतो ते मोजावे. तर त्या जनीकडे देव आला, तेव्हा त्याने काय केले? ‘जने, माझे नाम घे’ असा उपदेश करून तो गेला नाही. जात्यापाशी समोर बसला आणि खुंट्याला हात घातला. संप्रदायाने ही कथा इतकी शतके उराशी धरली आहे ती उगीच नव्हे. ज्यांनी जाते पाहिले आहे त्यांना ठाऊक आहे की समोर दुसरे माणूस बसले की दगड निम्मा हलका होतो, आणि ओवीला ओवी मिळते. पुढे गिरण्या आल्या, बायकांचे कष्ट वाचले, फार चांगले झाले. पण पहाटे समोर बसणारी जाऊ, नणंद, शेजारीण गेली, तिची जागा कशानेच भरली नाही. जात्यावरच्या ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी खेड्यापाड्यांतून गोळा केल्या. त्यांची संख्या लाखावर गेली. एवढे मनातले बोलायला बायकांना ती एकच जागा होती.

तर मुद्दा असा की नामाला सोबत लागत नाही, पण नाम घेणाऱ्याला लागते. म्हणून तर आपला संप्रदाय एकट्याने डोळे मिटून बसण्याचा झाला नाही. कीर्तनाला टाळकरी लागतात, मृदंग लागतो, मागे धरायला चार गळे लागतात. वारकरी वारकऱ्याला भेटला की दोघेही वाकतात. त्यांत थोरला-धाकटा पाहत नाहीत. हा सगळा अरतीवरचा उपाय आहे.

यापुढचा भाग आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एकट्या माणसाला आपण जे देतो ते बहुधा चुकीच्या टोकाने देतो. फळे देतो, घोंगडी देतो, औषध देतो. ही दाने चांगलीच. पण त्याच्याजवळून आपण काहीच घेत नाही. त्याचे खरे दुःख ‘मला कोणी देत नाही’ हे नसते. ‘माझे कोणाला काही लागत नाही’ हे असते. नुसते घेत राहण्याचे ओझे फार मोठे आहे हो. सुदाम्याच्या पोह्यांची पुरचुंडी देवाने हिसकून घेतली, याचे वर्म यातच आहे. सुदाम्याला वैभव नंतर मिळाले. आधी त्याचे घेतले गेले.

गोपाळकाल्यातही हेच आहे. काला म्हणजे देवाने पोरांना वाटलेला खाऊ, अशी आपली उगीच समजूत असते. काल्याची रीत अशी की प्रत्येकाने आपली शिदोरी आणायची आणि एकात मिसळायची. कोणाची दहीभाताची, कोणाची शिळ्या भाकरीची. आपल्या परंपरेत पेंद्या नावाचा एक गडी येतो, पायांनी अधू, बोलण्यात बोबडा. त्याला कोणी ‘तू बस बाबा, तुला आम्ही देतो’ असे म्हणाले नाही. त्याचीही शिदोरी सोडली. त्याचा घास मिसळल्याखेरीज काला पुरा होत नाही. दर सप्ताहाला काल्याचे कीर्तन आम्ही करतो, लाह्या उधळतो, आणि घरी मात्र अधू माणसाची शिदोरी बांधलेलीच राहते.

अलीकडच्या काळातला एक दाखला देतो. परचुरे शास्त्री म्हणून संस्कृतचे मोठे विद्वान होते. त्यांना कुष्ठरोग झाला. त्या काळी कुष्ठ म्हणजे जिवंतपणी घरादाराला मुकणे. १९३९ च्या सुमारास ते सेवाग्रामला आले. गांधींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतले आणि स्वतःच्या हातांनी त्यांचे अंग रगडले, हे पुष्कळांना माहीत आहे. त्याची चित्रेही निघाली. पण तेवढ्यावर गोष्ट संपत नाही. शास्त्रीबुवांकडून संस्कृत शिकून घेतले गेले, आणि आश्रमात लग्न निघाले तेव्हा पौरोहित्याला त्यांनाच बसवले. ज्याची सावली लोक टाळीत, त्याच्या हातून वधूवरांवर अक्षता पडल्या. अंग रगडल्याने व्याधीला उतार पडला असेल. माणूस परत माणसांत आला तो मात्र त्या पौरोहित्याने, असे आम्ही समजतो.

पंढरीची वारी सुद्धा याच पायावर उभी आहे. दिंडीत रिकामा माणूस नसतो. एकाच्या गळ्यात वीणा, एकाच्या हाती पताका, एकीच्या डोईवर तुळस, एकीच्या डोईवर पाण्याची घागर. सत्तरीची म्हातारी, जिला घरी ‘तू नको, पडशील’ म्हणून कोणी तांब्याही उचलू देत नाही, ती आळंदीहून पंढरपूरपर्यंत तुळस नेते. आणि मुक्कामाला ती दिसली नाही तर दिंडी तिला शोधते. वर्षातले तेवढे दिवस ती मोजली जाते.

माउलींच्या पालखीत संध्याकाळी तळावर समाज आरती होते, तिच्यातली एक रीत नव्या वारकऱ्यांनी मुद्दाम पाहून घ्यावी. सर्व दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात. चोपदार दंड उंच करतो आणि एवढा मोठा समाज एकदम स्तब्ध होतो. पण एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल, कोणी हरवले असेल, काही अडचण असेल, तर ती दिंडी टाळ थांबवीत नाही, वाजवीतच राहते. चोपदार त्या दिंडीपाशी जातो, गाऱ्हाणे ऐकतो, त्याचा निवाडा होतो, तेव्हा कुठे तो टाळ थांबतो. मग हरवले-सापडले पुकारले जाते, दुसऱ्या दिवशीची निघण्याची वेळ सांगितली जाते आणि आरती होते. हजारो लोकांच्या शांततेत एक टाळ वाजतो आहे आणि तो थांबेपर्यंत देवाची आरती खोळंबते, अशी व्यवस्था आपल्या पूर्वजांनी घालून ठेवली!

गावात परत आल्यावर मात्र हा चोपदार कुठे जातो? गल्लीच्या टोकाच्या घरात कोणी रोज तेच तेच गाऱ्हाणे सांगते, भांडी आपटते, विनाकारण हाका मारते, आणि आपण म्हणतो, “म्हातारीला काही काम नाही.” अहो, तो टाळ आहे!

२०२० साली महामारीमुळे पायी वारी झाली नाही. पादुका एस. टी. च्या गाडीतून पंढरीला गेल्या आणि लाखो वारकरी घरी बसले. २०२१ लाही तीच स्थिती. पुन्हा पायी वारी निघाली ती २०२२ ला. त्या दोन आषाढांत धडधाकट माणसे आमच्याजवळ फोनवर रडली. पाय आहेत, वाट आहे, आणि जाता येत नाही. ज्याला अर्धांग झाला आहे त्याचा प्रत्येक आषाढ असाच जातो. आपण दोन वर्षे सोसले ते त्याला आयुष्यभर सोसायचे आहे. हे ज्यांना त्या वेळी कळले त्यांनी ते विसरू नये.

आता थोडे कडू बोलावे लागते. एकटेपण नेहमी नशिबाने येते असे नाही. कित्येकदा ते समाज वाढून ठेवतो, आणि त्यात आपला संप्रदायही निर्दोष राहिलेला नाही. चोखोबांची भक्ती कोणाहून उणी होती? पण ते महाद्वाराच्या बाहेर. आत कीर्तनाचा गजर, आणि हा महात्मा पायरीशी उभा. मंगळवेढ्याला गावकूस कोसळून त्यांचा अंत झाला आणि त्यांची समाधी महाद्वारापाशी झाली. देवळाचे दार त्यांच्या बांधवांना उघडले ते १९४७ साली, साने गुरुजींनी पंढरपुरात प्राण पणाला लावून उपोषण केले तेव्हा. मधली सहाशे वर्षे आपण अभंग गात होतो.

विधवेचेही तसेच. हळदीकुंकवाला तिला बोलवायचे नाही, लग्नात पुढे येऊ द्यायचे नाही, ओटी भरू द्यायची नाही. घरची माणसे प्रेमळ असतात, पण सणाच्या दिवशी ती माजघरात असते. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने ठराव करून बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा बंद केल्या, आणि पुढे शासनानेही इतर ग्रामपंचायतींना तोच मार्ग घ्यायला सांगितले. काही वृद्ध मंडळींना हे रुचले नाही, असे आमच्या कानावर आले. त्यांना आमचे एवढेच विचारणे आहे: दिंडीत जिच्या डोईवर तुळस देता, तिचा नवरा आहे की नाही हे तुम्ही विचारता काय? तुळशीला चालते ते हळदीकुंकवाला का चालू नये?

करायचे काय ते आता सांगतो. त्याला वर्गणी लागत नाही.

अखंड हरिनाम सप्ताहात आपण विण्याचा पहारा लावतो. दिवसरात्र, सात दिवस, वीणा खाली टेकत नाही. यादी होते, प्रत्येकाची वेळ ठरते, रात्री दोनच्या पहाऱ्यालाही माणूस हजर असतो. ज्या गावाला हे साधते त्या गावाला आठवड्यातून एक तास एका घरी बसण्याची यादी करणे अवघड का जावे? वीणेकऱ्याने किंवा भजनी मंडळाच्या वडीलधाऱ्याने अशी घरे पाहून ठेवावीत आणि पहारा लावावा. पहारेकऱ्याने तिथे जाऊन प्रवचन करायचे नाही. बसायचे, ऐकायचे. तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगितली तरी ऐकायची; आम्ही तीच आख्याने चाळीस वर्षे सांगतो आणि तुम्ही ऐकताच की! ज्याला ऐकू कमी येते त्याच्या बऱ्या कानाच्या बाजूला बसावे, तोंड त्याच्याकडे करावे, सावकाश बोलावे; ओरडू नये. पहारा सुरू आहे तोवर त्या घरच्या सुनेला बाहेर जाऊ द्यावे. देवळात जाईल, मैत्रिणीकडे जाईल, नाही तर नुसती नदीवर बसून येईल. तिला विचारू नये.

महिन्याच्या दोन एकादशांपैकी एकीचा हरिपाठ देवळाऐवजी अशा एखाद्या घराच्या अंगणात करावा. देव रुसणार नाही. पुंडलिकाच्या दारात तो याच कारणासाठी विटेवर उभा राहिला आहे.

आणि प्रत्येक वेळी त्या माणसाकडून काहीतरी घ्यावे. काकड्याच्या वाती त्यांच्याकडून वळून घ्याव्यात. पोरांचे पाठांतर त्यांच्यासमोर म्हणवून घ्यावे. चुकले की ते बरोबर धरतात. अन्नदानाचे तांदूळ निवडायला त्यांच्या सुपात टाकावेत. जुन्या चाली विचाराव्यात. एका गावी आम्ही पाहिले, डोळे गेलेल्या एका बुवांकडून तरुण मंडळी जुन्या वारकरी चाली फोनमध्ये भरून घेत होती. बुवांचा आवाज फाटलेला, पण सूर जागचा हलत नव्हता. त्या दिवसापासून ते पहाटे आंघोळ करून तयार बसू लागले, असे त्यांच्या नातवाने सांगितले. वारीहून परत येणाऱ्यांनी तर लाह्या, बुक्का आणि तुळशीची मंजिरी घेऊन आधी त्या घरी जावे जिथले माणूस येऊ शकले नाही, आणि वाटेतली हकिगत मुक्कामवार सांगावी. घाईने ‘दर्शन छान झाले’ म्हणून उठू नये.

काही ठिकाणी प्रश्न पहाऱ्याने सुटण्यासारखा नसतो. मुलगा सांभाळीत नाही, खायला घालीत नाही, तिथे २००७ चा आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा आहे. त्याची वाट दाखवावी. कायदा पोटगी देववील, शेजारी बसवणार नाही, हे खरे. पण पोटगीही लागते. ज्येष्ठांच्या अडचणींसाठी १४५६७ हा सरकारी दूरध्वनी आहे. आणि कोणी ‘आता जगून काय करू’ असे वारंवार बोलू लागले, अन्न सोडले, निजेनासे झाले, तर ‘असे बोलू नये’ म्हणून गप्प करू नये. जवळ बसावे, घरच्यांना सांगावे, डॉक्टरला दाखवावे. टेलिमानस नावाची सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र बोलते. नामस्मरण आणि औषध यांचे वैर नाही.

शेवटी एक अडचण, जी सर्व गावची मंडळी विचारतात. “महाराज, आम्ही गेलो, पण तो दार उघडत नाही. नको म्हणतो.” नको म्हणणारच. इतकी वर्षे कोणी आले नाही. आता येतात ते का, याचा त्याला संशय येतो. ज्ञानोबाराय लोकांच्या निंदेने विटून झोपडीची ताटी लावून आत बसले, तेव्हा मुक्ताई बाहेर उभी राहिली. वयाने सर्वांत धाकटी. आईबाप गेलेले, समाजाने वाळीत टाकलेले, तिला तरी दुसरे कोण होते? तिने ताटी मोडली नाही, आणि ती निघूनही गेली नाही. बाहेर उभी राहून बोलत राहिली.

मराठवाड्यातल्या एका गावच्या मंडळींनी तसेच केले. घरधनी एकटा, बायको गेलेली, मुलगा तुटलेला. एकादशीला मंडळी अंगणात गेली, दार बंद. त्यांनी हाक मारली नाही, हरिपाठ म्हटला, उंबऱ्यावर बुक्का ठेवला आणि परतली. पुढच्या महिन्यात तेच. तिसऱ्या महिन्यात आतला दिवा लागलेला दिसला. चौथ्या महिन्यात पाऊस होता, तरी गेली. पाचव्या एकादशीला गेली तेव्हा अंगण झाडून शेणाने सारवलेले होते. दार बंदच होते. मंडळी त्या सारवलेल्या अंगणात बसली आणि हरिपाठाला लागली.